रस्ता, गतिरोधक, एसटी: ग्रामसभेत विषय कसा मांडायचा आणि पुढे कसा न्यायचा

ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो, सगळे हात वर करतात, ठराव मंजूर होतो. वर्षभराने खड्डा तिथेच असतो आणि पुन्हा तोच ठराव होतो. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते एकाच जागी: तो रस्ता ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथे ठराव पोचलेलाच नसतो. किंवा पोचतो, पण त्यात ना रस्त्याचा क्रमांक असतो, ना लांबी, ना नेमकी मागणी. मग शाखा अभियंत्याला तो फाइलला लावण्यापलीकडे काही करता येत नाही.

गावात नव्याने राहायला आलेल्यांना, पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेल्यांना आणि गावच्या कामात लक्ष घालू पाहणाऱ्या तरुण मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना लागू आहे. नगरपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेची पद्धत वेगळी.

आधी ठरवा, रस्ता कोणाचा

हे पाऊल चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. गावकऱ्याला सगळं डांबर सारखंच दिसतं, पण कागदावर त्या डांबराचे मालक निराळे असतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा; त्याचं काम महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा बघते. राज्य महामार्ग, प्रमुख राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या आणि अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. शेतात जाणाऱ्या पाणंदी आणि शिवरस्ते यांचा मामला तहसीलदारांकडे जातो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण योजनेतला रस्ता. पण रंग उडालेले असतात, दगड उखडून कुणाच्या बांधावर पडलेले असतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात जा, शाखा अभियंत्यांना तालुक्याचा रस्ते नकाशा दाखवायला सांगा आणि आपल्या रस्त्याचा दर्जा व क्रमांक वहीत उतरवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिथे कधी कधी कळतं की आपल्या रस्त्याला क्रमांकच नाही. वर्षानुवर्षं वापरात असलेला, एखाद्या आमदार निधीतून कधीतरी डांबर पडलेला, पण रस्ते विकास आराखड्यात नसलेला. अशा योजनाबाह्य रस्त्याला जिल्हा परिषदेच्या नेहमीच्या निधीतून पैसे मिळणं कठीण. मग पहिला ठराव दुरुस्तीचा नाही, रस्ता आराखड्यात घेऊन त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक देण्याचा करावा लागतो. हे लोकांना पटवणं अवघड जातं, कारण समोर खड्डे दिसत असतात. तरी क्रम हाच ठेवा.

गावठाणातल्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना २३ पाहा. ही ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही: नाव, कुठून कुठे, लांबी, रुंदी. अनेक ठिकाणी ती जुनी असते. आपली गल्ली तिच्यात नसेल तर नोंदीचा विषयही त्याच ग्रामसभेत घ्या, नाहीतर पुढे अतिक्रमणाचा वाद निघाला की ग्रामपंचायतीच्या हातात कागद राहत नाही. अतिक्रमण आधीच झालं असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. पण नोटिशीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. ओट्यावरून झालेली भांडणं तोंडी मापांवर कधीच मिटत नाहीत.

पाणंदीचं थोडं वेगळं आहे. गाव नकाशात दोन तुटक रेषांनी दाखवलेला तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेचा तो पायमार्ग, सव्वाआठ फूट. चालू वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘पुढच्या सुगीत बघू, समजुतीने मिटेल’ म्हणत ही मुदत हमखास निघून जाते. शेताला रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३. दोन्हींचे अर्ज वेगळे. एकाच अर्जात दोन्ही कलमं लिहू नका.

ग्रामसभेआधी

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतले सगळे. यादीत नाव नसेल तर बसून ऐकता येईल, मत मोजलं जाणार नाही. नव्याने राहायला आलेल्यांनी आधी मतदार यादीतलं नाव इथे हलवून घ्यावं.

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. सर्वसाधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते, त्यामुळे विषय त्याहून आधी लेखी द्यायचा. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे करा, दोन प्रती न्या, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती आपल्याकडे ठेवा. ‘ऐनवेळच्या विषयांत घेऊ’ असं कुणी म्हटलं तरी लेखी अर्ज द्याच. ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीवर असतात आणि ते येईपर्यंत अर्धी सभा उठून गेलेली असते.

गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान उपस्थिती, लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. ६०० मतदारांच्या गावात ९०, दोन हजारांच्या गावात १००. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. म्हणून मूळ विषयपत्रिकेवर आपला विषय छापून आलेला असणं फार महत्त्वाचं आहे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. पाण्याचा, शाळेच्या वाटेचा, बसथांब्याच्या शेडचा, रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय तिथे आधी मांडा. रोज चालत जाणाऱ्या बायकांना अंधार कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत आहे हे नेमकं ठाऊक असतं, आणि ते नेमकेपण ठरावात यायला हवं.

कुठली ग्रामसभा गाठायची? २ ऑक्टोबरची. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तिथून बांधायला घेतात. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा लावता येत नाही. १ मेच्या सभेत नव्या कामाची मागणी केली तर चालू वर्षाचा आराखडा बहुधा गोठलेला असतो आणि तुम्हाला ‘पुढच्या वर्षी’ हेच उत्तर मिळतं.

ठरावाचे शब्द

‘गावातील सर्व रस्ते दुरुस्त करण्यात यावेत असे सर्वानुमते ठरले.’ असा ठराव दप्तरात शेकड्यांनी सापडतो आणि त्याचं काहीच होत नाही. एका ठरावात एकच काम घ्या. साधारण असं लिहा:

‘विषय क्र. ४: ग्रामीण मार्ग क्र. (इथे क्रमांक), फाटा ते जिल्हा परिषद शाळा, किमी ०/०० ते १/२०० ची दुरुस्ती. सदर रस्त्यावर किमी ०/३०० ते ०/५५० दरम्यान ओढ्याचे पाणी साचून डांबरीकरण उखडले आहे. या लांबीत एक पाइप मोरी व खडीकरणासह डांबरीकरण करण्याची मागणी कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांच्याकडे करण्यात यावी व प्रत उपअभियंता, पंचायत समिती यांना द्यावी. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर.’

यात ०/३०० म्हणजे सुरुवातीपासून शून्य किलोमीटर ३०० मीटर. हे आकडे कसे काढायचे? मोटरसायकलचा मीटर फाट्यावर वाचा आणि मोजत या. ढोबळ अंतराला तो पुरतो. खराब तुकडा मात्र टेपने मोजा. कारणही लिहा, कारण खड्डा का पडला यावर काम ठरतं. पाणी साचून उखडलेल्या जागी नुसतं डांबर टाकलं तर पहिल्या पावसाळ्यात ते निघतं. तिथे मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) किंवा बाजूची गटार हवी. ऊस, वाळू किंवा खडीच्या जड गाड्यांनी खचलेला असेल तर खालचा थरच बदलावा लागतो. ‘मोरी’ हा शब्द ठरावात नसला तर तो अंदाजपत्रकातही येत नाही, हे पक्कं धरून चाला.

सभा उठण्याआधी ठराव वाचून दाखवायला सांगा. पुष्कळदा इतिवृत्त नंतर सावकाश लिहिलं जातं आणि किमीचे आकडे गळतात. आठवडाभरात ठरावाच्या सत्यप्रतीसाठी अर्ज करा. ती हातात असेल तरच पुढची दारं उघडतात.

पैसा कुठल्या खिशातून

२०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. रस्त्याला हात घालता येत होता तो उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेला. छोट्या गावात ही रक्कम एखाद्या गल्लीच्या काँक्रीटीकरणापुरती असायची. त्याच्या वर काही हवं असेल तर बाहेर बघावं लागतं. ग्रामविकास विभागाचं ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखलं जाणारं लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं) गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी असतं आणि तिथे आमदारांचं पत्र लागतं. जिल्हा नियोजन समितीकडून ३०५४ आणि ५०५४ या रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षांवर पैसे येतात. पहिल्यात मुख्यतः दुरुस्ती आणि मजबुतीकरण, दुसऱ्यात बांधणीसारखी भांडवली कामं. खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात, पण ती अख्ख्या मतदारसंघासाठी.

एक काम दोन लेखाशीर्षांत मागू नका. दोन्हीकडे मंजूर झालं तर तपासणीत अडकतं आणि दोन्हीकडे थांबतं.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला रस्ता असेल तर आधी कडेचा माहिती फलक वाचा. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते आणि तिथून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. त्या काळात उखडलेल्या रस्त्यासाठी नवा निधी मागण्यात अर्थ नाही. फलकासह खड्ड्याचे फोटो घ्या आणि योजनेच्या कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी तक्रार करा.

गतिरोधक: मनाने टाकू नका

शाळेसमोर अपघात होतो, लोक चिडतात आणि रातोरात मातीचा किंवा काँक्रीटचा उंचवटा रस्त्यावर येतो. त्यामागची भीती खरी असते, पण अशा उंचवट्यावर अंधारात दुचाकीवरची माणसं पडतात, गरोदर बाई किंवा रुग्ण घेऊन येणारी रुग्णवाहिका आपटते, आणि टाकणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो; ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून विनाधक्का जाते. ४० मीटर आधी सूचना फलक हवा आणि वर पांढरे-काळे पट्टे. अरुंद आणि उंच उंचवट्याने वेग कमी होत नाही, नुसती गाडी आणि कंबर मोडते. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक देत नाहीत, म्हणून तिथे तो मागण्यात वेळ घालवू नका. शाळा पुढे असल्याचा फलक, रंबल पट्ट्या (चाकाखाली खडखडणारे आडवे पट्टे), झेब्रा पट्टे, लुकलुकणारा पिवळा दिवा, रस्त्यावर दिवे हे मागा.

ठरावाला शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, पटसंख्या, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा आणि झालेल्या अपघातांची पोलीस ठाण्यातली नोंद जोडा. एक प्रत रस्त्याच्या मालक कार्यालयाला, दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या नावे. अपघाताची नोंदच नसेल तर ती जागा समितीच्या यादीत येत नाही. ‘किरकोळ लागलं, पोलिसात कशाला’ या सवयीने गावाचं असं नुकसान होतं.

एसटी: थांबा, फेरी, मुक्कामी गाडी

एसटीचं काम ग्रामपंचायतीच्या हातात नाही, पण ठराव लागतोच. वेळ बदलणं किंवा थांबा देणं यासाठी आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करा, नव्या फेरीसाठी प्रत विभाग नियंत्रकांना द्या.

आगार भारमान बघतं, म्हणजे गाडीच्या आसनांच्या मानाने प्रवासी किती. ४४ आसनांच्या गाडीत पूर्ण अंतर २२ माणसं असली तर भारमान ५० टक्के. म्हणून ‘गावाची फार गैरसोय होते’ एवढं लिहून भागत नाही, मोजून द्या. एका आठवड्यात सकाळी तालुक्याला जाणारे किती, त्यांत पासधारक विद्यार्थी किती, बारावीपर्यंतच्या मोफत पासच्या मुली किती, ७५ वर्षांवरचे किती, बायका किती. सवलतींची प्रतिपूर्ती सरकार महामंडळाला करतं, त्यामुळे अर्ध्या तिकिटातल्या बायका आणि मोफत प्रवास करणारे आजी-आजोबा मोजणीत धरायचेच. शाळा-कॉलेजच्या वेळा शिक्का असलेल्या पत्रावर जोडा. फेरी सकाळी सातची मागायची आणि कॉलेज साडेदहाला भरायचं, असं असेल तर गाडी रिकामी धावते आणि तीन महिन्यांत बंद होते.

रस्त्याची पाहणी आगाराआधी तुम्ही करा. वळणावर आलेल्या बाभळीच्या फांद्या आणि लोंबणाऱ्या तारा बघा. निदान साडेचार मीटर मोकळी उंची धरा. पूल किंवा मोरीचा कठडा तुटला असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. गाडी वळवायला साधारण २४ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. देवळापुढचं पटांगण असेल तर बाजाराच्या दिवशी तिथे दुकानं लागतात का, हेही बघा. अरुंद जागी गाडी मागे घेताना कुणाची भिंत पडली की ती फेरी परत चालू करून घ्यायला नाकी नऊ येतात.

मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना झोपायला बंद खोली, दिवा, पंखा, पाणी आणि स्वच्छ शौचालय द्यावं लागतं. ठरावात खोली कोणती आणि तिची देखभाल कुणाकडे हे लिहा. समाजमंदिराच्या ओट्यावर डास मारत रात्र काढून पहाटे साडेपाचला शंभर वळणांचा घाट उतरायचा, हे कुणाही चालकाकडून मागणं बरोबर नाही. गाड्या बंद पडण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि गावाने ठरवलं तर दोन दिवसांत सुटणारं आहे.

काम सुरू झाल्यावर

प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा आणि मग कार्यारंभ आदेश, असा कागदाचा प्रवास असतो. आदेश निघाला की अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या.

गल्लीचं काँक्रीटीकरण असेल तर आधी जमिनीखालचं उरका. नळयोजनेची पाइपलाइन, घरोघरच्या जोडण्या, सांडपाण्याचे आडवे पाइप. जल जीवन मिशनच्या कामासाठी नुकतंच झालेलं काँक्रीट फोडलेली गावं कमी नाहीत. जुन्या थरावरच नवा थर चढवायचा असेल तर उंबरठ्याची पातळी बघा. रस्ता वर गेला की पावसाचं पाणी घरात शिरतं. गरज असेल तर जुना थर खोदून काढण्याची बाब अंदाजपत्रकातच घालून घ्या, नंतर कुणी फुकट खोदत नाही.

हिशेब स्वतः करता येतो. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० दर्जाच्या काँक्रीटचं मिश्रण १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) धरलं तर घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट, म्हणजे सुमारे ३६० पोती. प्रत्यक्षात दोनशे उतरली तर जाडी तरी कमी आहे किंवा माल तरी. जाडी ओतण्याआधी कडेच्या साच्याच्या उंचीवरून मोजा. ओतल्यावर नुसता वाद राहतो. साधारण चार-चार मीटरवर आडवे सांधे कापलेले असावेत, नाहीतर तडे स्वतःच्या मर्जीने जातात. ओल्या गोणपाटाने किंवा वाफे करून निदान दोन आठवडे पाणी द्यायला हवं. उन्हाळ्यात टँकर येत नाही म्हणून पाणी मारलं जात नाही आणि वरचा थर भुकटी होतो. त्या दोन आठवड्यांच्या पाण्याची सोय काम सुरू होण्याआधी बघा.

कागद हलत ठेवणं

ठराव पाठवल्यावर जावक क्रमांक घ्या. महिन्याने त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. तोंडी विचारणा कितीही गोड झाली तरी तिची नोंद होत नाही.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर सोपं आहे. ‘जावक क्र. अमुक, दिनांक अमुक या पत्रावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत दुसरं.

आणि प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मागच्या ठरावांवरील कार्यवाहीचा आढावा हा विषय असतो का ते बघा. नसेल तर तो लेखी मागा. आढाव्याच्या वेळी ठराव क्रमांक, पाठवल्याची तारीख, कार्यालय आणि आलेलं उत्तर एवढ्या चार गोष्टी प्रत्येक ठरावासाठी वाचून दाखवायला सांगा, आणि त्या तशाच इतिवृत्तात लिहून घ्या.